टाइप वन मधुमेह: सेन्सर, ॲप आणि घड्याळ यांवर किती विसंबायचं?

‘सेन्सर लावला की बोट टोचणं बंद होईल ना?’ ‘ॲपने सहा युनिट सांगितले, घेऊ का?’ ‘ऑनलाइन दोन हजारांत शुगर दाखवणारं घड्याळ मिळतंय, मुलाला घेऊन द्यावं का?’ टाइप वन मधुमेह असलेल्यांकडून आणि त्यांच्या आईवडिलांकडून हे तीन प्रश्न फिरून फिरून येतात. थोडक्यात उत्तरं अशी. पहिल्याचं: बरंचसं कमी होईल, बंद नाही. दुसऱ्याचं: त्या ॲपमध्ये आकडे कोणी भरलेत ते आधी सांगा. तिसऱ्याचं: नाही.

हा लेख टाइप वनपुरता आहे. या आजारात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, ते रोज बाहेरून द्यावं लागतं आणि प्रत्येक जेवणाला किती द्यायचं याचा निर्णय घरच्या घरी घ्यावा लागतो. यंत्रं उपयोगी पडतात ती या निर्णयासाठी. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी स्वतःला विचारा: याने माझा कोणता निर्णय सोपा होणार आहे? उत्तर सुचत नसेल तर पैसे खिशात राहू द्या.

घड्याळाचा विषय आधी संपवू

घड्याळात शुगर दिसणं आणि घड्याळाने शुगर मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंडावर टोचलेल्या सेन्सरचा आकडा काही घड्याळांवर दाखवता येतो. तिथे घड्याळ फक्त पाटीचं काम करतं आणि त्यात काही गैर नाही. पण त्वचेला सुईचा स्पर्शही न होता, मनगटावरच्या दिव्यातून शुगर मोजतो असं सांगणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून लांब राहा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. तरीही आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांत ती सर्रास विकली जातात आणि खाली पाच-पाच ताऱ्यांचे अभिप्रायही असतात. मधुमेह नसलेल्या माणसाच्या मनगटावर ते घड्याळ दिवसभर ९५ ते १२० दाखवतं आणि तो खूश असतो. तोच आकडा पाहून तुम्ही इन्सुलिन घेतलंत तर प्रकरण दवाखान्यापर्यंत जाऊ शकतं.

खऱ्या उपयोगाचं काय काय आहे

- ग्लुकोमीटर आणि वही, किंवा ग्लुकोमीटर आणि नोंदीचं ॲप. काही ग्लुकोमीटर ब्लूटूथने आकडा थेट मोबाइलवर पाठवतात. सर्वांत स्वस्त मार्ग हाच आणि तो कमी दर्जाचा मुळीच नाही. इन्सुलिनचं काटेकोर नियोजन केल्याने डोळे, किडनी आणि नसा वाचतात हे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ज्या मोठ्या अभ्यासाने सिद्ध केलं, त्यातल्या रुग्णांकडे सेन्सर नव्हते. बोट टोचून आणि वहीत लिहूनच त्यांनी ते साधलं.
- सतत मोजणारा सेन्सर. दंडाच्या मागच्या बाजूला नाण्याएवढी चकती चिकटवतात, तिची केसासारखी बारीक तार त्वचेखाली राहते. आपल्याकडे ॲबटचे फ्रीस्टाइल लिब्रे जास्त दिसतात. ते साधारण दोन आठवडे चालतात आणि एकाची किंमत चार-पाच हजार रुपयांच्या घरात जाते. जुन्या प्रकारात मोबाइल सेन्सरजवळ नेऊन स्कॅन करावा लागतो, नव्यांमध्ये अलार्मची सोय असते.
- पंपाला जोडलेला सेन्सर. मेडट्रॉनिकचा ७८०जी पंप सेन्सरच्या आकड्यानुसार इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करतो. भारतात तो मिळतो, खर्च मात्र लाखांत जातो. सोबत शिकवणारा डॉक्टर आणि दर महिन्याच्या सामानाचे पैसे यांची आधी सोय असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.
- फिटनेस बँड. पावलं, नाडी, झोप. शुगरशी त्याचा थेट संबंध नाही, तरी उपयोग आहे. तो पुढे येईल.

सेन्सर घेण्याआधी चार गोष्टी तपासा

१. तुमच्या मोबाइलमध्ये एनएफसी आहे का? लिब्रेचा सेन्सर सुरू करायला ते लागतं आणि स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा नसतं. सेटिंगमध्ये ‘एनएफसी’ शोधा. नसेल तर वेगळा रीडर घ्यावा लागेल. पाकीट फोडल्यावर हे कळलं तर दुकानदार सेन्सर परत घेत नाही.

२. कंपनीच्या यादीत तुमचा फोन आहे का? फोन आपोआप अपडेट झाला आणि ॲप बंद पडलं असं होतं. ॲप नीट चालत असेल तर अपडेट दोन-चार दिवस पुढे ढकला.

३. सेन्सर कुठल्या देशातला आहे? अमेरिकेतली मावशी प्रेमाने चार सेन्सर घेऊन येते, पण भारतातलं ॲप ते ओळखत नाही. या उत्पादनांना देशाची हद्द असते. आणायला सांगण्याआधी खात्री करून घ्या. कोणी वापरायचे राहिले म्हणून व्हॉट्सॲप गटावर विकत असेल तर मुदतीची तारीख पाहा आणि ते कुठे ठेवले होते तेही विचारा.

४. कुरिअर किती दिवसांचं आहे? विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात गाडीच्या टपात दोन दिवस भाजलेल्या सेन्सरवर भरवसा ठेवता येत नाही. पाकिटावर तापमानाची मर्यादा छापलेली असते. उन्हाळ्यात शक्यतो जवळच्या केमिस्टकडूनच घ्या.

आणखी एक. ज्या फोनने सेन्सर सुरू केलात, त्या फोनशी तो बांधला जातो. नवा फोन घ्यायचा बेत असेल तर चालू सेन्सर संपेपर्यंत थांबा.

आकडा दिसतोय, पण तो कशाचा?

सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही. त्वचेखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो. रक्तात झालेला बदल तिथे पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. शुगर स्थिर असताना हा फरक जाणवत नाही. ती वेगाने खाली येत असेल तर मात्र सेन्सर ९० दाखवत असताना रक्तात ती ६५ असू शकते. म्हणून आकड्याशेजारचा बाण आकड्याइतकाच महत्त्वाचा. लिब्रेमध्ये सरळ खाली गेलेला बाण म्हणजे मिनिटाला दोनपेक्षा जास्त वेगाने उतार, म्हणजे पाव तासात तीस किंवा अधिक. १०० आणि आडवा बाण असेल तर निवांत जेवायला बसा. १०० आणि सरळ खाली बाण असेल तर आधी तोंडात ग्लुकोज.

‘मीटरवर १६२ आणि सेन्सरवर १४८, कोण खोटं बोलतंय?’ हा प्रश्नही ठरलेला. दोघंही नाहीत. चांगल्या ग्लुकोमीटरलाही १०० च्या वर पंधरा टक्क्यांची मुभा आंतरराष्ट्रीय मानकातच दिलेली आहे. दोन आकडे तंतोतंत जुळावेत म्हणून स्ट्रिपमागून स्ट्रिप वाया घालवू नका. दोन्ही आकड्यांवरून निर्णय वेगळा होतो आहे का, एवढंच पाहा.

बोट टोचून खात्री करायची ती अशा वेळी:

- अंगाला घाम सुटलाय, हात कापताहेत, पण सेन्सर ११० म्हणतोय. (किंवा उलट: सेन्सर ५५ म्हणतोय आणि मूल मजेत उड्या मारतंय.)
- सेन्सर लावल्याचा पहिला दिवस आहे.
- बाण सरळ वर किंवा सरळ खाली आहे आणि तुम्ही डोस ठरवताय.
- आकडाच दिसत नाही.
- शुगर ‘लो’ झाली म्हणून ग्लुकोज घेतलंय आणि पंधरा मिनिटांनंतरही सेन्सर हलत नाही. इथे तो बहुधा मागे राहिलेला असतो. त्याच्या भरवशावर खात राहिलात तर तासाभराने ३०० दिसेल.

‘लो’चा नियम सेन्सरमुळे बदललेला नाही: ७० च्या खाली गेल्यावर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन सपाट चमचे, पाण्यात घालून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बिस्किट किंवा पेढा नको, त्यातलं तूप साखरेला रक्तात पोचायला उशीर करतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

काही औषधं सेन्सरला फसवतात. लिब्रे वापरत असाल तर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या (दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त) आकडा खोटाच वर नेऊ शकतात. सर्दीत लोक चघळतात ती संत्र्याच्या चवीची गोळी नेमकी ५०० ची असते, म्हणजे दिवसात दुसरी घेतली की मर्यादा ओलांडली. मेडट्रॉनिकच्या सेन्सरना पॅरासिटामॉल चकवतं. एमआरआय करायचं असेल तर बरेच सेन्सर काढावे लागतात, तुमच्या सेन्सरचं माहितीपत्रक पाहा. एक्स-रे, सीटी स्कॅनच्या आधीही तंत्रज्ञाला सेन्सर दाखवा.

रात्री तीनचा अलार्म

नवा सेन्सर लावलेल्या घरांतला हा नेहमीचा प्रसंग. रात्री तीनला फोन कोकलतो, आकडा ५४. आई धावत जाते, मुलीला अर्धवट झोपेत ग्लुकोजचं पाणी पाजते. ती कूस बदलते. वीस मिनिटांत आकडा २१०. सकाळी सगळे थकलेले आणि शुगर चढलेली. मुलगी सेन्सरच्या दंडावर झोपली होती. वजनाने दाबलं गेल्यावर तिथल्या द्रवात ग्लुकोज पोचत नाही आणि सेन्सर खोटी ‘लो’ दाखवतो. आलेखात ती ओळखू येते: रेघ उतरत उतरत येत नाही, कड्यावरून पडावी तशी पडते आणि कूस बदलली की तशीच वर येते. रात्रीचा अलार्म झाला तर आधी दंड मोकळा करा, बोट टोचा, मग ठरवा. उशाशी ग्लुकोमीटर, स्ट्रिप आणि ग्लुकोज एकाच डबीत ठेवा.

उलट अडचणही तितकीच खरी: अलार्म वाजतच नाही. त्यात दोष बहुधा फोनचा असतो.

- अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स परस्पर बंद करतात. सेन्सरच्या ॲपसाठी बॅटरीची ही बचत बंद करा.
- ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असतानाही या ॲपचा आवाज येईल अशी परवानगी द्या. मग एकदा मुद्दाम ते चालू करून खात्री करा.
- फोन दुसऱ्या खोलीत नको. मधे भिंत आली की ब्लूटूथ तुटू शकतं.

अलार्मच्या मर्यादा सुरुवातीला सैल ठेवा. ‘लो’साठी ७०, ‘हाय’साठी २५०. उत्साहाच्या भरात ‘हाय’ १६० वर लावणारे आठवड्याभरात सगळेच अलार्म बंद करून टाकतात, आणि मग खरी ‘लो’ गुपचूप येते.

डोस सांगणारी ॲप्स

सर्वांत जास्त सावधगिरी इथे हवी, कारण इथे आकड्याचं इन्सुलिन होतं. २०१५ मध्ये ‘बीएमसी मेडिसिन’ या नियतकालिकात इन्सुलिनचा डोस काढणाऱ्या ४६ ॲप्सची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ६७ टक्के ॲप्समध्ये चुकीचा डोस सुचवला जाण्याचा धोका आढळला. ४६ पैकी ४२ ॲप्स भरलेला आकडा शक्य कोटीतला आहे का हेही पाहत नव्हती. निम्म्याहून जास्त ॲप्स एखादा आकडा भरायचा राहिला तरी डोस सांगून मोकळी होत होती. त्यानंतर दुकानात नवी ॲप्स आली, पण फुकट मिळणाऱ्या अनोळखी ॲपला डोस विचारू नये हे कळायला एवढं पुरे.

वापरायचंच असेल तर आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलं वापरा आणि त्यातले आकडे त्यांच्यासमोर बसून भरा. त्याआधी हिशेब एकदा हाताने करायला शिका. अवघड नाही. समजा (हे आकडे केवळ उदाहरणापुरते) तुम्हाला १५ ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट लागतं आणि १ युनिटने शुगर ५० ने उतरते. ताटात ६० ग्रॅम कर्बोदकं आहेत, म्हणजे ४ युनिट. शुगर २२० आहे, हवी १२०, म्हणजे आणखी २. एकूण ६. आता दोन तासांपूर्वी घेतलेल्या डोसपैकी अंदाजे १ युनिट अजून काम करतंय, ते वजा केलं की ५. ॲप करतं ते एवढंच. हा हिशेब येत असेल तर ॲपने ११ सांगितल्यावर तुमची भुवई वर जाईल.

आपल्याकडे हे गणित नेमकं कुठे चुकतं?

एकक. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगर मिलिमोलमध्ये मोजतात, भारतात आणि अमेरिकेत मिलिग्रॅममध्ये. मिलिमोलला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. लंडनच्या चुलतभावाची ८ म्हणजे आपली १४४. ॲप बसवल्यावर सर्वांत आधी एककाची सेटिंग पाहा.

इन्सुलिनचा प्रकार. बहुतेक ॲप्स ‘रॅपिड’ इन्सुलिन गृहीत धरतात. ते साधारण चार तास काम करतं. आपल्याकडे कितीतरी मुलं स्वस्त मिळणाऱ्या साध्या ‘रेग्युलर’ इन्सुलिनवर आहेत. ते जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं आणि त्याचा परिणाम सहा ते आठ तास रेंगाळतो. ॲपमध्ये चार तासच राहिले तर पाचव्या तासाला ते म्हणेल की जुनं इन्सुलिन संपलं, आणखी घ्या. डोसावर डोस चढेल.

सिरिंज. ॲप युनिट सांगतं, सिरिंज कोणती ते त्याला ठाऊक नसतं. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुधा ४० ताकदीचं असतं, पेनमधलं १०० चं. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत ओढलंत तर अंगात २५ युनिट जातात. असं कधीच करू नका. घरात १०० ची, नारिंगी टोपणाची सिरिंज वेगळी ठेवा.

भाकरी. ॲपच्या यादीत ‘ज्वारीची भाकरी, १ नग’ असतं. कोणाच्या हातची? शहरातल्या खानावळीतली भाकरी पन्नास ग्रॅम पिठाची निघते, गावाकडची ताटभर भाकरी सत्तर ग्रॅमची किंवा त्याहून मोठी. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे पहिल्या भाकरीत ३४ आणि दुसरीत जवळजवळ ४८. वरच्या उदाहरणातल्या माणसाला भाकरीमागे जवळजवळ एका युनिटचा फरक पडला, आणि आपण भाकरी एकच खातो असं थोडंच आहे! उपाय असा: स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या आणि आठवडाभर पीठ मळण्याआधी गोळ्यापुरतं पीठ मोजा. घरच्या पोळीचं, भाकरीचं, वाटीभर भाताचं वजन एकदा कळलं की ते ॲपमध्ये ‘माझे पदार्थ’ म्हणून साठवा. पुढे काट्याची गरज उरत नाही, हातच शिकतो.

उपवासाच्या दिवशी जास्त जपा. साबुदाणा जवळजवळ सगळाच कर्बोदक, १०० ग्रॅमला ८७ ग्रॅमच्या आसपास. एकादशीला खिचडीची एक ताटली पोटात जाते आणि ॲपमध्ये ‘हलका फराळ’ अशी नोंद होते. पुरणपोळीचं दुखणं वेगळं: वर तूप असल्याने शुगर लगेच चढत नाही, दोन-तीन तासांनी चढते. सेन्सर इथे खरा कामी येतो. होळीच्या दिवशीचा आलेख जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पुढच्या सणाला डोस एकदम घ्यायचा की दोनदा विभागून, ते त्यावरून ठरेल.

बँडचा उपयोग

बँडवरच्या ‘जळलेल्या कॅलरी’ पाहून इन्सुलिन कमी करू नका, तो आकडा ढोबळ असतो. दिवसभरात नेहमीपेक्षा किती जास्त चाललात हे मात्र तो नीट सांगतो. लांब चालण्याचा किंवा खेळाचा परिणाम चोवीस तासांपर्यंत राहू शकतो आणि ‘लो’ बहुधा त्या रात्री येते. गडावर जाऊन आलात, लग्नघरात दिवसभर धावपळ झाली, वारीत दोन मुक्काम चाललात, तर झोपण्यापूर्वी तपासा आणि रात्रीच्या डोसाबद्दल डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेला बदल करा. शुगर २५० च्या वर असेल आणि बरं वाटत नसेल तर व्यायाम नको. आधी लघवीतले किंवा रक्तातले कीटोन तपासा.

डॉक्टरांकडे जाताना काय न्याल

सेन्सरचं ॲप ढीगभर आलेख काढून देतं. सगळे छापत बसू नका. शेवटच्या चौदा दिवसांचा एक पानी अहवाल पुरतो, सेन्सर त्यातला किमान ७० टक्के वेळ चालू असला म्हणजे झालं. त्यात पाहायचं ते असं:

- ७० ते १८० च्या दरम्यान: दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे सुमारे सतरा तास
- ७० च्या खाली: ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराच्या आत
- ५४ च्या खाली: १ टक्क्याहून कमी
- २५० च्या वर: ५ टक्क्यांहून कमी

लहान मुलं, वयस्कर माणसं आणि गरोदर स्त्रिया यांची उद्दिष्टं वेगळी असतात, ती डॉक्टरांकडूनच घ्या. आज ४५ टक्के असाल तर पुढच्या वेळी ५० हे चांगलं यश आहे. आधी ‘लो’ कमी करा, ‘हाय’कडे नंतर वळा.

परवडत नसेल तर

बाराही महिने सेन्सर म्हणजे वर्षाला लाखाच्या वर. बहुतेक घरांना ते झेपत नाही, आणि त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. तीन महिन्यांतून एक सेन्सर, तोही डॉक्टरांच्या भेटीआधी लावला तरी बरंच शिकता येतं. डोस बदलल्यावर, खेळाचा हंगाम सुरू होताना, वारंवार रात्रीची ‘लो’ येत असताना लावा. एरवी दिवसातून चार वेळा बोट टोचा आणि नोंद ठेवा. सेन्सरसाठी स्ट्रिपचे पैसे कापणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. सेन्सर मधेच गळून पडला तर हाताशी स्ट्रिप हवीच. छत्रपती संभाजीनगरची ‘उडान’ ही संस्था टाइप वन असलेल्या मुलांसाठी काम करते. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांतही अशा मुलांसाठी गट आहेत. डॉक्टरांकडे चौकशी करा.

शाळा आणि परीक्षा

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मार्च २०२३ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून सांगितलं की टाइप वन असलेल्या मुलांना वर्गात शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधे खाऊ द्यावं. परीक्षेतही सेन्सर किंवा पंप अंगावर राहू द्यावा, आणि आकडा पाहायला मोबाइल लागत असेल तर तो पर्यवेक्षकांकडे ठेवावा. सीबीएसईचीही दहावी-बारावीसाठी अशी सवलत आहे. पण परीक्षेच्या दिवशी दारावरच्या शिपायाला हे पत्र ठाऊक असेलच असं नाही. म्हणून डॉक्टरांचा दाखला आणि आयोगाच्या पत्राची प्रत जोडून मुख्याध्यापकांना महिनाभर आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, केंद्र दुसरीकडे असेल तर केंद्रप्रमुखांनाही द्या. राज्य मंडळाच्या परीक्षेसाठीही हेच करा. दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत टाइप वनचा समावेश नाही, तेव्हा त्या कायद्याखालचा वाढीव वेळ गृहीत धरू नका.

आता पालकांना दोन शब्द. सेन्सरचा आकडा लांबूनही पाहता येतो, लिब्रेसाठी त्याचं वेगळं ॲप आहे. लहान मुलांसाठी ही सोय वरदान आहे. पण सोळा-सतरा वर्षांचं मूल वर्गात असताना ‘२४० का झाली? काय खाल्लंस?’ असे फोन करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. वैतागून मूल एके दिवशी ब्लूटूथच बंद करतं. काय ठरलंय ते एकदा बसून लिहून काढा: ७० च्या खाली गेलं आणि दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तरच फोन. ‘हाय’बद्दल बोलणं संध्याकाळी, आणि तेही जेवायला बसल्यावर नको.

तुमचा डेटा, तुमचे पैसे, तुमची तक्रार

फुकट ॲप संपर्कयादी, फोटो किंवा ठिकाणाची परवानगी मागत असेल तर नकार द्या. (ब्लूटूथसाठी काही अँड्रॉइड फोन ठिकाण विचारतात, ते कंपनीच्या मूळ ॲपपुरतं चालेल.) तुम्ही दिलेली संमती मागे घेण्याचा, माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तुम्हाला दिला आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तोवर थांबू नका, ॲप काढून टाकण्याआधी आतलं खातंही पुसा. नुसतं ॲप काढल्याने कंपनीकडची माहिती जात नाही.

‘टाइप वन मुळापासून बरा, इन्सुलिन बंद’ असं सांगणारं ॲप किंवा कार्यक्रम दिसला तर एक पैसाही देऊ नका. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. टाइप वनमध्ये इन्सुलिन थांबवलं तर रक्तात आम्ल साठतं आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

सेन्सर वेळेआधी बंद पडला किंवा सतत चुकीचे आकडे देऊ लागला तर या क्रमाने जा:

१. सेन्सर फेकू नका. खोक्यावरचा अनुक्रमांक, ॲपमधला संदेश आणि त्याच वेळचा ग्लुकोमीटरचा आकडा यांचे फोटो काढा.

२. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा आणि तक्रार क्रमांक घ्या. तक्रार खरी असेल तर कंपन्या सेन्सर बदलून देतात. विक्रेत्याकडून पक्कं बिल घेतलेलं असावं.

३. चुकीच्या आकड्यामुळे इजा झाली किंवा थोडक्यात टळली, तर भारतीय औषधसंहिता आयोगाच्या वैद्यकीय उपकरण सुरक्षा कार्यक्रमाला कळवा. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्णही कळवू शकतो, डॉक्टरांची सही लागत नाही.

४. पैसे अडकले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. शुगर मोजतं म्हणून विकलेल्या त्या घड्याळाचीही तक्रार इथेच करता येते.